भाऊजींचे ओले हात

माझे धाकटे दीर म्हणजे अंगात नळ बसवून जन्माला आलेला माणूस. थंडीच्या दिवसांतसुद्धा त्यांच्या तळव्यांवरून थेंब ओघळायचे. कारखान्यात सगळे त्यांना ‘ओला’ म्हणत. मी भाऊजी म्हणायचे, पण त्यांचे घामाच्या वासाचे बनियन धुताना मनातल्या मनात आणखीही बरंच काही म्हणायचे. खोटं कशाला सांगू?

आणि काम मिळालं होतं तेही नेमकं त्यांना न मानवणारं. मापाच्या पोलादी पट्ट्या घासूनपुसून चकचकीत करायच्या. भाऊजींचं बोट लागलं की त्या दिवशी पट्टीवर काही दिसत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिथे गंजाचा ठसा उठायचा, अंगठ्यावरच्या जुन्या जखमेच्या आडव्या रेघेसकट. फोरमनने बजावलं, आणखी एक पट्टी खराब झाली तर उद्यापासून हमाली करायची.

हमालीचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. जिवाला लागलं होतं ते वेगळंच. त्यांची बायको गेल्यापासून ते आणि त्यांची मुलगी, आमची चिमणी, आमच्याकडेच राहत. चिमणी शाळेतून येताना माझा हात धरे, शेजारणीचा धरे, पण बापाचा धरत नसे. ‘गिळगिळीत लागतो,’ म्हणे. एवढंसं पोर, त्याला काय बोलणार? भाऊजी हसून दोन्ही हात खिशात घालत. मला ते बघवत नसे.

शेवटी मीच त्यांना डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं. बाई म्हणाल्या, घामाला स्वतःला फारसा वास नसतो, अंगावरचे जंतू त्याच्यावर पोसतात तेव्हा येतो. काखा साबणाने धुवा, नीट कोरड्या करा, कपडे सुती वापरा आणि रोज बदला. शिवाय झोपताना तळव्यांना आणि काखांना, कोरड्या कातडीवर लावायचं आणि सकाळी धुऊन टाकायचं असं औषधही दिलं. भाऊजींनी सगळं इमानेइतबारे पाळलं.

आणि गुण आला. हळूहळू हात कोरडे पडले, वासही गेला. एका संध्याकाळी चिमणी बापाचा हात धरून घरी आली. भाऊजी त्या दिवशी जेवलेच नाहीत, नुसते हाताकडे बघत बसले. मलाही भरून आलं.

मग पट्ट्यांवर पुन्हा ठसे उठायला लागले. फोरमनने आधी आरडाओरडा केला. नंतर भाऊजींना दुसऱ्या खात्यात बसवलं आणि पट्ट्या कपाटात घालून कुलूप लावलं. सकाळी कपाट उघडलं तर आत ठसे. आधी रेघेसकट अंगठा, मग बोटं, मग अख्खा पंजा. चेष्टेखोरांची बोलती बंद झाली. भाऊजींच्या शेजारी कुणी बसेना. त्यांना ‘ओला’ म्हणणंही लोकांनी सोडलं, आणि ते चिडवण्यापेक्षा वाईट होतं.

“वहिनी, आपण माझ्यातनं कुणालातरी बाहेर काढलंय,” ते मला म्हणाले. “त्याने जायचं कुठे? त्याला कामाखेरीज दुसरं ठाऊकच काय आहे?”

“काहीतरीच बोलू नका भाऊजी. ते औषध तेवढं थांबवा.”

“थांबवलं तर ती पुन्हा हात सोडेल.”

मी चहा ओतला. चहाचा कप देताना त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली. कोरडी, गार, माणसाची वाटेनात. मी घाबरले, आणि घाबरल्याचा मलाच राग आला.

त्याच आठवड्यात फोरमनने त्यांना दुपारीच घरी पाठवलं आणि पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. भाऊजी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून राहिले. शाळा सुटायची वेळ झाली तरी हलले नाहीत. मी चप्पल पायात घालते तोच चिमणी दार लोटून आत आली आणि तिने दप्तर टाकलं. तिचा उजवा हात ओला होता, पार बाहीपर्यंत.

“कुणाबरोबर आलीस गं?”

“बाबाबरोबर.”

भाऊजी माझ्या पाठीमागे बसले होते, ते तिला दिसले नव्हते.

“आज त्याचा हात पुन्हा ओला होता,” चिमणी सांगू लागली. “मी सोडणारच होते. पण काकू, तो रडत होता. म्हणाला, मी कुणालाच नको झालोय. मग मी नाही सोडला, पार दारापर्यंत घट्ट धरला. आत ये म्हटलं तर येत नाही. म्हणतो, आतल्याला विचार, येऊ का.”

भाऊजी उठले. चिमणीने त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं आणि ती मला बिलगली. दाराच्या फटीतून घामाचा वास येत होता, चांगला ओळखीचा. मी त्यांना अडवायला हवं होतं, पण मी चिमणीलाच घट्ट धरून राहिले.

त्यांनी दार उघडलं आणि आपला कोरडा हात बाहेर पुढे केला.

“ये, आत ये,” ते म्हणाले. “तिने धरलाय तुझा हात.”