गिटारची जुनी कॉइल

ही गोष्ट मी आजवर तोंडातून बाहेर काढलेली नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही. देवापुढे हात जोडले तरी इतर सगळ्या चुका आठवायच्या, आणि ही आली की घाईघाईनं नमस्कार उरकायचा. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही कमलवहिनीला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असता तर — नसतं सांगितलं.

जळगाव जामोदला बसस्टँडच्या रस्त्यावर माझं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. वीज नुकती मळ्यांपर्यंत पोचली होती आणि विहिरींवरचे पंप धडाधड जळत होते. जळालेली मोटार उघडायची, तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची, मग ते वेटोळं वार्निशात बुडवून बल्बच्या उष्णतेवर वाळवायचं. वार्निश बसलं की तार हलत नाही, आणि हलली नाही की तुटत नाही. वार्निशाशिवाय माझ्या दुकानातून काही बाहेर पडत नसे. लोक म्हणायचे, याच्या हाताला यश आहे. मलाही तसंच वाटायचं. कुणाला वाटणार नाही?

दामू माळी माझा दोस्त. गावाला लागून त्याचा वांग्या-टमाट्यांचा मळा. पण त्याचा जीव अडकला होता गिटारीत. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी कांडी फिरवून वाजवायची ती विजेवरची गिटार. भुसावळला रेल्वेतला एक गोरा ड्रायव्हर देश सोडून चालला होता, त्याच्याकडून दामूनं ती आणली. तेव्हाच ती जुनी होती. कडेचा रंग उडालेला, पण आवाज असा की रस्त्यानं जाणारा माणूस थांबावा. वाजवायला वेगळं यंत्र नव्हतंच. गिटारच्या वायरीला दोन काड्यांची पिन बसवलेली, ती रेडिओच्या मागच्या भोकांत खुपसायची, म्हणजे रेडिओतून आवाज. आणि भिंतीवरच्या विजेच्या बोर्डालाही तशीच दोन भोकं. हे लक्षात ठेवा. मी पुढे जे बोललो, ते यामुळेच पटलं.

त्या वर्षी गणपतीत अकोल्याचा एक ऑर्केस्ट्रावाला गावात येणार होता. दामूचं वाजवणं ऐकून त्याला आपल्या पार्टीत घ्यायचं, असं बोलणं झालेलं. आणि आठवडाभर आधी गिटार मुकी झाली. दामू ती गोधडीत गुंडाळून माझ्याकडे घेऊन आला.

मी उघडली. तारांच्या खाली लोहचुंबकावर केसाएवढ्या बारीक तारेची कॉइल होती, आणि तिचं एक टोक सुटलं होतं. बस, एवढंच. शिशाचा एक थेंब, आणि काम झालं. दुकानातल्या रेडिओला जोडून मी बोटानं तार छेडली, तर आवाज घुमला. शेजारचा सायकलवाला काम सोडून ऐकायला आला. त्याच क्षणी ती गोधडीत गुंडाळून परत दिली असती — तर?

पण नाही. मला वाटलं, आज टोक सुटलं, उद्या ऐन कार्यक्रमात दुसरीकडे तुटेल. पक्कं काम करून देऊ. मी ती कॉइल मोटारीच्या कॉइलसारखी वार्निशात बुडवली आणि बल्बखाली ठेवली. पंपाची तार जाड, तिला वार्निश मानवतं. या नाजूक तारेचं वरचं आवरणच त्यानं सुटलं, आणि ती ज्या पातळ चकतीवर गुंडाळली होती ती चकती उष्णतेनं पापडासारखी वळली. पुन्हा जोडली तर रेडिओतून नुसती घरघर. मी किती वेळ तशीच तार छेडत बसलो होतो, कोण जाणे.

दामू आला. चूक झाली, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. तो माझा दोस्त होता, मारणार नव्हता. पण बाकावर दोन शेतकरी आपापल्या मोटारी घेऊन बसले होते. त्यांच्यादेखत मी कॉइल विजेनं जळाली असं ठोकून दिलं. म्हणालो, "आतून जयली, दामूभाऊ. पिन कोणीतरी रेडिओच्या जागी भिंतीच्या बोर्डात घातली."

"कोण घातली?"

"मले काय मालूम? घरी इचार."

घरी कोण होतं? दामू आणि त्याची बायको कमल. मी नाव घेतलं नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. पण दोन माणसांच्या घरात नाव घ्यावं लागतं का?

मी नवी कॉइल गुंडाळून दिली. वाजली, पण डबा वाजावा तशी. ऑर्केस्ट्रावाला आला, दामूचं वाजवणं ऐकलं, गिटार उलटीपालटी करून बघितली, आणि दामूला घेऊन थेट माझ्या दुकानात. म्हणाला, ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची चीज आहे, आता मिळत नाही, पण हिची सगळी किंमत जुन्या कॉइलीत होती. "जली हुई भी चलेगी. मी जाणत्या माणसाकडून बनवून घेतो. आहे कुठं?"

कॉइल माझ्या गल्ल्याखालच्या खोक्यात होती. वार्निशाच्या वासासकट. या माणसानं ती हातात घेतली असती तर वासावरूनच ओळखलं असतं की ही विजेनं नाही, कारागिरानं मारली. मी सांगितलं, भंगारात गेली.

त्यानं खांदे उडवले. मग हे लाकूड आहे, म्हणाला, भिंतीला टांगा. दामूलाही त्यानं नेलं नाही. स्वतःचं वाद्य सांभाळता येत नाही, तो माझं काय सांभाळणार, असं काहीसं बोलला. दामू खाली बघत उभा होता. मीही खालीच बघत होतो. कमलवहिनीनं सगळ्यांना सांगून पाहिलं, मी पिनेला हातसुद्धा लावला नाही म्हणून. ते ऐकून लोक हसले.

दामूनं तिला मारलं वगैरे नाही. तो तसा माणूस नव्हता. त्यानं फक्त तिची एक गंमत करून ठेवली. कुणी पाहुणा आला, वहिनीचा हात दिव्याच्या बटनाकडे गेला, की हा म्हणायचा, "राहू दे वो, जयन ते." सगळे हसायचे. मी तिथे असलो तर मीही हसायचो. हे सांगायचं टाळणार होतो, पण हसायचो.

बऱ्याच वर्षांनी एका संध्याकाळी पंपाचा स्टार्टर द्यायला दामूच्या घरी गेलो. तो मळ्यातून यायचा होता. दिवेलागण झालेली, घरात बल्ब टांगलेला, आणि कमलवहिनी खाली कंदिलाची काच पुसत बसलेली. मला वाटलं वीज गेली. पण शेजारच्या घरात उजेड होता.

मला बघून ती उठली. पदर सावरत म्हणाली, "बरं झालं आले, भाऊ. तेवढं बटन दाबा. मी नाही लावत हात. माह्या हातानं जयते."

ती थट्टा करत नव्हती. कुरकुरतही नव्हती. विळी जपून धर म्हणावं तसं साधं सांगत होती. मी म्हणालो, "असं काही नसते, वहिनी."

"नाही वो," ती म्हणाली, "तेव्हा म्या उगाच कटकट केली. कायच्या ध्यानात घातली असन म्या ते पिन. तुमी त गिटार पाह्यली होती ना आतून."

आता तरी? घरात तिसरं कुणी नव्हतं. बाकावर शेतकरी नव्हते. ती माझ्याकडे बघत उभी होती, आणि खोटं माझं होतं, तिनं ते स्वतःचं करून घेतलं होतं.

मी बटन दाबलं. दिवा लागला. तिनं त्याला हात जोडले आणि कंदील कोपऱ्यात सरकवला.

"तुमच्या हाताले यश हाये, भाऊ," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

मी चहा पिऊन आलो.