झाडावर हाक मारायची नाही

दादाची मशीन आमच्या घरात धानाच्या कोठीशेजारी एका पोत्यावर ठेवलेली होती. फांद्या कापायची, पेट्रोलवर चालणारी, साखळीच्या दातांची. गावात तिला नुसतं मशीनच म्हणत. वहिनी रोज झाडताना ती दोन्ही हातांनी उचलायची, पोतं झटकायची आणि पुन्हा तशीच ठेवायची, साखळी फिरते त्या पट्टीचं टोक भिंतीकडे करून. दादा जाऊन वर्ष होत आलं होतं. मी पवनीला शाळेत शिकवते. उन्हाळ्याच्या सुटीत घरी आले, तेव्हा हे रोज पाहत होते.

दादाने ती मशीन घेतली तेव्हा गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती, पण साकोलीपलीकडच्या गावांतून बोलावणं आलं तरी तो ‘आपल्याच जिल्ह्यात तर आहे’ म्हणून निघायचा. त्याआधी कुऱ्हाड आणि करवत होती. काम तेच होतं, तारांना लागलेल्या फांद्या काढायच्या, घरावर आलेल्या फांद्या उतरवायच्या, वाळलेलं लाकूड पडण्याआधी पाडायचं. आख्खं झाड कापायला तो सहसा जात नसे. कुणी पानांचा कचरा होतो म्हणून मुळापासून काढा म्हटलं, की त्याचा जोडीदार म्हणायचा, “आमी कटिंग करतो जी. डोस्कं नाही उडवत.”

हा जोडीदार आमच्याच गावचा, शेवटच्या घरातला. दादा झाडावर आणि तो खाली, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललं. दादाच्या कमरेला एक बारीक दोरी बांधलेली असे, तिचं दुसरं टोक जोडीदाराच्या हातात. एक झटका म्हणजे थांब. दोन झटके म्हणजे खाली कुणी नाही, काप. बोलणं नाही. झाडावर माणूस असताना त्याला हाक मारायची नाही, हा दादाचा नियम होता. एकदा सानगडीकडे एका घरमालकाने चहा झाला म्हणून खालून हाक मारली, दादा वळला आणि फिरती साखळी त्याच्या मांडीला लागून गेली. पँट फाटली, थोडं मांस गेलं. तेव्हापासून हा नियम, आणि तो घरच्यांनाही होता. वहिनी डबा घेऊन गेली की लांब बसून राहायची. मशीन बंद होऊन दादा खाली उतरेपर्यंत ताक कोमट व्हायचं. घरी आल्यावर ती मला म्हणायची, “तुमच्या भावाले झाडावर देवासारखं पाहावं लागते बाई. हात जोडा, पण बोलू नका.”

तो गेला तो अड्याळच्या वाटेवरच्या एका जुन्या शिरसाच्या झाडावरून. रस्त्यावर आलेली वाळकी फांदी काढायची होती. दादाने स्वतःला वरच्या हिरव्या फांदीला बांधलं होतं. ती फांदी वरून हिरवी होती, आतून किड्यांनी पोखरलेली. जोडीदाराला खालून दिसलं की दादाच्या डोक्यावरच्या त्या फांदीतून काहीतरी गळतंय. मशीनचा भुसा जाड आणि पांढरट असतो. हे बेसनासारखं पिवळं, बारीक होतं. त्याने दोरीला झटका दिला. दोरी मध्ये एका खुंटाला अडकली होती. झटका वर गेलाच नाही. त्याने पुन्हा ओढली, तोवर फांदी दादासकट खाली आली.

हे सगळं त्यानेच आम्हाला सांगितलं. दुसरं कुणी तिथे नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो अंगणात उकिडवा बसून सांगत होता आणि वहिनी दारात बसून ऐकत होती. त्याचं सांगून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, “हाक काहून नाही मारली भाऊजी?”

त्याने मान वर केली नाही. “त्यानंच तर मना केलं होतं,” म्हणाला. मग, “आयकू गेली असती का, मले नाही माहीत.”

त्यानंतर तो आमच्या अंगणात आला नाही. त्याच्याकडे स्वतःची मशीन नव्हती. वर्षभर तो लोकांच्या धानाच्या बांध्यांत रोवणी-कापणीला जात राहिला. झाडांची कामं घेऊन लोक आमच्याकडे यायचे, वहिनी त्यांना नाही म्हणून परत पाठवायची. मशीन विकत मागणारेही आले. तिने विकली नाही, आणि जोडीदारालाही दिली नाही. दसऱ्याला विळा, पावशी, कुदळ धुऊन पाटावर मांडली, त्यात मशीनही ठेवली. हळदकुंकू सगळ्यांना लावलं. मशीनला लावताना तिचा हात थांबला, आणि मग तिने पट्टीवरचं कव्हर न काढताच वरून बोट टेकवलं. तिचं मन मला कळत होतं, निदान तसं वाटत होतं. त्या माणसाने आपल्या नवऱ्याला मरू दिलं की नाही, हे ठरल्याशिवाय तिला ती मशीन कुणाच्या हातात द्यायची नव्हती. आणि ते ठरवायला काही साधन नव्हतं.

त्या सुटीत एका दुपारी मोठं वारं सुटलं आणि आमच्या मागच्या चिंचेची एक जाड फांदी बुडाशी चिरली. ती थेट स्वयंपाकघराच्या छपरावर, कवेलूंवर वाकली होती. पावसाआधी काढणं भाग होतं. वहिनीने दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन फांदी पाहिली, हात धुतले आणि मला म्हणाली, “त्याईले बोलावून आणा.”

जोडीदार आला तो दादाच्या काळात यायचा तसाच, दुपट्टा डोक्याला गुंडाळून. बारीक झाला होता. अंगणात कुठे उभं राहावं हे त्याला कळेना. वहिनीने मशीन आणून त्याच्यासमोर ठेवली. त्याने टाकीचं झाकण उघडून वास घेतला, जुनं पेट्रोल ओतून टाकलं, नवं पेट्रोल ऑइल मिसळून भरलं. मग मांडी घालून गोल कानशीने साखळीच्या एकेका दाताला धार लावत बसला.

“दोरी कोण धरन?” शेवटी त्याने विचारलं.

मी पुढे झाले. वहिनीने माझ्या हातातून टोक काढून घेतलं. “तुमी राहू द्या बाई. तुमचं ध्यान चिंचेपेक्षा पुस्तकात जास्त राहते.”

जोडीदाराने दुसरं टोक कमरेला बांधलं. “एक झटका...” तो सांगायला लागला.

“माहीत आहे मले,” ती म्हणाली.

तो चढला. ज्या फांदीला स्वतःला बांधायचं ती त्याने आधी मुठीने ठोकून पाहिली, दोनतीन जागी, कान लावून. मग दुसऱ्या दोरीने मशीन वर ओढून घेतली. वहिनीने खाली पाहिलं, अंगण मोकळं होतं, तिने दोन झटके दिले. मशीन दोनदा फुरफुरून चालू झाली. साल खालपर्यंत फाटू नये म्हणून त्याने आधी फांदीच्या खालून थोडा काप घेतला, मग वरून पट्टी टेकवली आणि मशीन पूर्ण जोरात चालवली. चिंचेचा भुसा आमच्या डोक्यांवर पडायला लागला. मी भिंतीशी सरकले.

तेव्हा मी वहिनीकडे पाहिलं. तिने मान वर केली होती आणि तिचे ओठ हलले होते. मला वाटलं, काही पुटपुटतेय. मग तिने श्वास भरून घेतला आणि सगळं अंग वाकवून ओरडली. मी चार हातांवर होते. मला जेमतेम ऐकू आलं.

“अजी, थांबा.”

अजी ती फक्त दादाला म्हणायची.

वरचा माणूस वळला नाही. भुसा तसाच पडत होता. तिने आणखी एकदा हाक मारली, तिच्या गळ्याच्या शिरा मला दिसल्या. तो कापतच होता. मग ती थांबली, पदराने तोंड पुसलं आणि दोरीला एक झटका दिला.

मशीन लगेच बंद झाली. चिमण्यांचा आवाज पुन्हा यायला लागला.

“काय झालं जी वहिनी?”

“काही नाही. पाणी पाहिजे का मनलं.”

“आता? अर्धी कापून झाली ना.”

“मंग कापा.” तिने दोन झटके दिले.

दोराला बांधलेली फांदी अलगद उतरली, एकही कवेलू फुटलं नाही. जोडीदार खाली आल्यावर वहिनीने त्याला तांब्या दिला. पाणी पिऊन त्याने मशीन पुसली, कव्हर चढवलं आणि तिच्या पोत्यावर नेऊन ठेवायला निघाला.

“घरी न्या,” ती म्हणाली. “इथं ठेवून गंज चढते तिले.”

तो उभा राहिला. मशीन त्याने छातीशी धरली होती. “वहिनी, त्या दिवशी मशीन...” तो म्हणाला.

“दोरी जुनी झाली,” वहिनी म्हणाली. “नवी घ्या.” आणि ती आत गेली.

तो माझ्याकडे बघत होता, मी विचारावं म्हणून असेल. मी विचारलं नाही. थोड्या वेळाने तो गेला. त्या रात्री वहिनी भात वाढताना बोलत होती, बऱ्याच महिन्यांनी. तिच्या माहेरच्या बोडीतल्या मासोळ्यांचं काहीतरी.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी पवनीला निघाले. वाटेत बस थांबली, पुढे रस्त्यावर फांदी उतरत होती. झाडावर आमचा जोडीदार होता, खाली त्याचा मेहुणा दोरी धरून उभा. मशीन जोरात होती तोवर बसमधल्या बायका एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होत्या. मग त्याने पाय दुसरीकडे ठेवायला मशीन हळू केली. ती बंद नव्हती, नुसती गुरगुरत होती. मागच्या बाकावरची एक बाई आपल्या पोराला म्हणाली, “हात आत घे रे,” आणि ते मला अगदी स्पष्ट ऐकू आलं. झाडावरच्या माणसालाही आलं असावं, कारण त्याने बसकडे पाहिलं.

मी खिडकीतून मान वळवून घेतली. पवनीला पोचेपर्यंत पुस्तक मांडीवर उघडं होतं. मशीन हळू असली की झाडावर हाक ऐकू जाते, हे मी वहिनीला सांगितलेलं नाही. दर सुटीत घरी जाते तेव्हा ती विचारते, वाटेत भाऊजी दिसले का, काम चांगलं चालून राहिलं ना. मी हो म्हणते. कोठीशेजारचं पोतं अजून तिथेच आहे, आणि ती रोज ते उचलून खाली झाडते.