बोगद्यातले चार मजूर

माझ्या विज्ञानकथेच्या नायकावर माझा फार जीव होता. त्याला मी ओरखडासुद्धा येऊ दिला नाही. चूक एवढीच.

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पाऊस नव्हता. नळाला आठवड्याने पाणी यायचं. तरी नव्या जिल्ह्याला दिवाळी अंक हवा आणि अंकाला माझ्यासारखा लेखक हवा, असं मला, म्हणजे शाळेतल्या एका विज्ञानशिक्षकाला, मनापासून वाटत होतं. कथेत एक शास्त्रज्ञ पाणी शोधायला यंत्रात बसून पृथ्वीच्या पोटात उतरतो.

ती कथा छपाईसाठी जुळवायला होते छापखान्यातले मामा. असे कंपोझिटर तुम्हीही पाहिले असतील: चष्म्याला दोरा, बोटं शाईनं काळी, अक्षराचा खिळा न बघता उचलायचा. हात चालू असतानाच विचारायचे, "मंग?"

"मग प्राणवायू संपतो."

"मंग?"

"त्याच्या खिशात प्राणवायूची गोळी असते."

"मगा दगड पडला तवा लोखंडी टोप बी जवळच व्हता. गुरुजी, एवढा माल गंजगोलाईच्या बाजारात बी मिळंना."

मी हसलो. मामा हसले नाहीत. "त्याला काई व्हणार न्हाई, हे पहिल्याच पानावर कळलं. मंग वाचणाऱ्यानं भ्यायचं कशाला?"

पुढच्या पानावर होतं: 'बोगदा कोसळला. चार मजूर दबून मेले. सुदैवाने शास्त्रज्ञ सुखरूप होता.' मामांचा हात थांबला.

"ह्यांची नावं?"

"कथेला गरज नाही."

ते खिळे नुसते चाळत म्हणाले, "माझा धाकटा भाऊ मागल्या दुष्काळात विहिरीच्या कामावर गेला. जळकोटाकडं. दरड आली. कागदावर बी 'एक मजूर' एवढंच व्हतं. ह्यातल्या एकाचं नाव तुळशीराम ठिवा. मी जुळवतो. कुठंतरी छापलेलं असू द्या."

मी काय म्हणालो, ऐका. "वाचकाचं लक्ष नायकावरून उडेल, मामा."

"बरं," म्हणाले, आणि होतं तसंच जुळवलं. त्या पानात छपाईची एकही चूक सापडली नाही.

अंक निघाला. कथेबद्दल कुणी काही बोललं नाही. उन्हाळ्यात मामा काविळीने गेले, तेही मला पंधरा दिवसांनी कळलं. त्यांच्या जागी दुसराच माणूस बसलेला दिसला म्हणून विचारलं, तेव्हा.

मग मी कथा पुन्हा लिहिली. चौघांना नावं दिली, त्यातलं एक तुळशीराम. शास्त्रज्ञाला मारून टाकलं. शेवटी पश्चात्ताप झालेला एक मास्तरही घातला. ती वही घेऊन एसटीने मामांच्या गावी, जळकोटला, मामींकडे गेलो. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून दारात बसून मोठ्याने वाचली. मास्तराच्या भागात माझा आवाज भरून आला.

मामी ज्वारी निवडत होत्या. वाचून झालं तरी खडे काढतच होत्या.

"भावजी दोन ओळीत गेले," त्या म्हणाल्या. "तुमचं रडणं मातर सरंना, गुरुजी."