आकाशातली वाहतूक आणि विहीणबाईंचं कार्ड

आमची सूनबाई आकाशातली वाहतूक सांभाळते, असं मी न्हाव्याला सांगितलं तेव्हा त्याने वस्तरा थांबवून विचारलं, "म्हणजे दंडही करते का?" मी म्हटलं, "दंड भरायला तिथे माणूस कुठे आहे? सगळं भंगारच." अर्धी दाढी तशीच ठेवून तो हसत बसला.

मी चौथीपर्यंत शिकलेला. मास्तरांनी आकाशात सूर्य, चंद्र आणि चांदण्या एवढंच शिकवलं होतं. तिथे आता मेलेले उपग्रह आणि रॉकेटचे तुकडे बंदुकीच्या गोळीपेक्षा जोरात फिरतात, हे सूनबाईने मला ताटातले वाटाणे मांडून दाखवलं. एखादा तुकडा आपल्या उपग्रहाजवळून जाणार असेल, तर धडकेची शक्यता ती मोजते. दहा हजारांत एकापेक्षा कमी असेल तर गप्प बसायचं. जास्त असेल तर उपग्रह बाजूला सरकवायचा. सरकवताना त्याचं तोंड फिरतं आणि त्याच्या भरवशावर चालणारी खालची यंत्रं काही तास मुकी होतात.

ती बसते तशा खोल्या जगभर आहेत आणि त्यांना एकमेकींशी बोलावं लागतं, म्हणून सगळ्यांची घड्याळं आपसात ठरवलेल्या एकाच वेळेवर चालतात. आमच्या वेळेच्या ती तीन तास मागे. एकदा भर बाराला मी तिचा डबा घेऊन गेलो, तर दारावरचा शिपाई म्हणाला, "आजोबा, जेवणाची सुट्टी नऊला." मी म्हटलं, "रात्री नऊला?" तो म्हणाला, "नाही हो, आत्ता. वाजलेच बघा." मी डबा त्याच्या हातात दिला आणि पाणी मागितलं. सूनबाई नऊ वर्षं त्या घड्याळासमोर बसते.

आता तिच्या आईचं सांगतो. विहीणबाई दूर डोंगरातल्या वस्तीत एकट्या राहायच्या. जन्मभर दोर वळले. हृदयाची झडप खराब झालेली. दहा पावलं टाकली की बसावं लागे. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती, पण आरोग्य कार्ड हातात असेल तरच. हे कार्ड पूर्वी पगारदारांनाच मिळे. त्या वर्षी पहिल्यांदाच ते डोंगरातल्या वस्त्यांना मिळणार होतं. नोंदणी दहा दिवस. दहाव्या दिवशी संध्याकाळी सहाला बंद, मग चार महिन्यांनी.

आरोग्य केंद्रात यंत्रावर बोट टेकवायचं, ठसा उपग्रहावरून शहरात पोचायचा. विहीणबाईंच्या बोटांवर दोराने ठसा ठेवलाच नव्हता. दोनदा हात हलवत परतल्या. नर्सबाई म्हणाल्या, "मावशी, आता दोराला हात लावू नका. तेल चोळा आणि शेवटच्या दिवशी या, कोमट पाण्यात बोटं भिजवून बघू."

शेवटच्या दिवशी त्या बोटं भिजवत बसल्या होत्या आणि इकडे सूनबाईच्या पडद्यावर जुन्या रॉकेटचा एक तुकडा त्याच उपग्रहाकडे येत होता. सकाळी शक्यता बारा हजारांत एक होती. दुपारच्या मोजणीत आठ हजारांत एक झाली. साहेबांनी विचारलं, "हलवायचा?" आपली आई कुठे बसली आहे, हे तिला ठाऊक होतं. म्हणाली, "हलवायचा."

मग तिने नर्सबाईंना फोन केला. "यंत्र बंद पडेल. दोनला पुन्हा सुरू होईल. लोकांना थांबवून ठेवा." समोरच्या घड्याळात तेव्हा दहा वाजले होते, केंद्रातल्या भिंतीवर एक. तिचे दोन म्हणजे तिथले पाच, हे तिच्या डोक्यात आलंच नाही.

रांगेत पंचवीस माणसं होती. विहीणबाईंनी सगळ्यांना बसवलं. "माझी लेक सांगते म्हणजे दोन म्हणजे दोनच." दोन वाजले, अडीच वाजले. नर्सबाईंनी फोन लावला, पण उपग्रह हलवताना सूनबाई तो उचलत नाही. एक म्हातारा म्हणाला, "मावशी, तुमच्या लेकीचे दोन आज वाजतील ना?" दुसरा म्हणाला, "तिला सांगा, आमची गाडी मात्र तीनला." शेवटची गाडी तीनचीच होती. पाच वाजणार हे माहीत असतं तर रात्र केंद्रातच काढली असती, पण तीनला सगळे गेले. विहीणबाई ओल्या बोटांनी गाडीची दांडी धरून चढल्या.

पाचला यंत्र सुरू झालं. नर्सबाईंचा फोन आला, "ताई, लागलं बरं का. पण इथे आता मीच आहे." सूनबाई म्हणाली, "बरं." तुकडा लांबून निघून गेल्याची नोंद केली, घरी आली, भाजी निवडली, वाढलं, जेवली. साहेबांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, तेव्हाही "बरं" म्हणाली.

शस्त्रक्रियेची तारीख गेली. विहीणबाई आमच्याकडे राहायला आल्या. मी गप्पांनी मुडदा उठवणारा माणूस. विहीणबाई हसायच्या, त्यांना धाप लागायची आणि सूनबाई आमच्यामध्ये पाण्याचा पेला ठेवून निघून जायची. रडली नाही, चिडली नाही. घड्याळाचं तिने मला तिसऱ्या आठवड्यात सांगितलं, कपड्यांच्या घड्या घालता घालता, जणू साबण संपल्याचं सांगतेय. "आईला सांगू नका, बाबा." मी नाही सांगितलं. जन्मात एवढी एकच गोष्ट पोटात राहिली.

चार महिन्यांनी तिने आईला शहरातल्याच केंद्रात नेलं. दोर सुटल्यामुळे बोटांवर रेषा आल्या होत्या. कार्ड झालं, झडप बदलली. पण डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. फाटकापर्यंत चालतील; डोंगर आता नाही. वस्तीतलं घर बंदच राहणार, हे विहीणबाईंना दवाखान्याच्या खाटेवरच कळलं.

"त्या नर्सने घोळ घातला," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकीने सांगितलेली वेळ तिने नीट सांगितली नाही."

सूनबाई खाटेशी उभी होती. म्हणाली, "आई, तिने बरोबर सांगितली. मीच ऑफिसच्या घड्याळातली दिली. तिथे पाच वाजणार होते."

मी चष्मा पुसायला घेतला.

"चार महिने मी त्या बाईला शिव्या दिल्या," विहीणबाई म्हणाल्या. "फोन करून गावभर सांगितलं. लोक तिच्याशी बोलत नाहीत म्हणे. फोन लावून दे तिला."

"आत्ता?"

"मग काय तुझ्या घड्याळाने?"

सूनबाईने नंबर लावला, फोन आईच्या कानाशी धरला. विहीणबाईंना हात उचलवत नव्हता, म्हणून बोलणं संपेपर्यंत तसाच धरून उभी राहिली.