बावखलातले विमान

साक्षी या शब्दात डोळा आहे. जो डोळ्यांसह उपस्थित असतो तो साक्षी, अशी त्याची सरळ व्युत्पत्ती. परंतु ज्या डोळ्यांनी एखाद्यावर आयुष्यभर माया केली, त्याच डोळ्यांना त्याच्याविषयी साक्ष द्यावी लागली, तर? ही कठीण सचोटी वसईजवळच्या गिरीज गावातल्या प्लासिडच्या वाट्याला आली आणि त्याने ती निमूटपणे पाळली.

प्लासिडची उमेदीची वर्षे हवाई दलाच्या विमानांची देखभाल करण्यात गेली होती. निवृत्त होऊन तो केळीच्या वाडीत परतला. जीव मात्र एका जेटमध्ये आणि ते उडवणाऱ्या जयवंतसाहेबांमध्ये गुंतून राहिला. पुढे ते जेटही सेवेतून निघाले. जुनी विमाने जपणाऱ्या एका मंडळाने ते सांभाळले आणि वृद्ध जयवंतसाहेब दरवर्षी माघातल्या एका सकाळी ते किनाऱ्यावरून उडवू लागले. गिरीजवर आले की ते दोन्ही पंख आळीपाळीने किंचित झुकवीत. तो प्लासिडला केलेला नमस्कार असे. पंखांचे सांधे थकले होते, म्हणून विमान हवेत उलटे करण्यास सक्त मनाई होती.

“वर्षातून एकदा येणारं विमान, आणि तुम्ही नवरदेवासारखे केस विंचरून बसता!” त्याची बायको आल्बिना टोमणा मारी.

“केस उरलेत कुठे? टक्कल पुसतो,” तो म्हणे.

१९९८ साली त्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. प्रखर उजेडाकडे पाहायचे नव्हते. म्हणून तो बावखलाच्या, म्हणजे वाडीला पाणी पुरवणाऱ्या तळ्याच्या काठी बसला आणि पाण्यातले आकाश न्याहाळू लागला. विमान आले. पंख झुकले, आणि झुकतच गेले. एरवी खालून विमानाचे पोट दिसते; या वेळी पाण्यात त्याची पाठ दिसली, आणि काचेच्या घुमटात पांढरे शिरस्त्राण. तरुणपणी साहेब अशीच गिरकी घेत आणि उतरल्यावर विचारीत, “काय प्लासिड, पाहिलंस?” प्लासिड एकटाच हसला. मग त्याला पंखांचे थकलेले सांधे आठवले.

किनाऱ्यावर दोन तट पडले. कोणी म्हणे उलटे झाले, कोणी म्हणे नुसते कलले. चौकशी बसली. जयवंतसाहेब एवढेच म्हणाले, “गिरीजच्या प्लासिडला विचारा. तो सांगेल ते मला मान्य.”

अधिकारी यायच्या सकाळी आल्बिनाने विषय काढला. “पाण्यात पाहिलं, असं सांगा. पाण्यात आपला माडसुद्धा शेंडा खाली करून उभा असतो. यात खोटं काही आहे?”

“नाही.”

“मग? तुम्ही हो म्हणालात तर ते विमान कायमचं जमिनीवर बसवतील. पुढच्या वर्षी टक्कल कुणासाठी पुसणार?”

अकरा महिने तो ज्या गर्जनेकडे कान लावून जगे, ती त्याच्या एका शब्दावर येऊन थांबली होती.

अधिकारी तरुण होता, सौम्य होता. शहाळे पिऊन झाल्यावर त्याने स्वतःच वाट काढून दिली. “तुम्ही प्रतिबिंब पाहिलंत. चूक होऊ शकते, नाही का?”

प्लासिडने बावखलातल्या माडाच्या प्रतिबिंबाकडे बोट दाखवले.

“पाण्यात शेंडा खाली दिसतो, साहेब. पण पोटाची पाठ होत नाही. विमान उलटं झालं होतं. त्यांनी ते माझ्यासाठी केलं.” त्याने रिकामे शहाळे उचलून बाजूला ठेवले. “फार देखणं केलं. म्हणूनच ते पुन्हा करतील, आणि पंख सोसणार नाहीत.”

उड्डाण बंद झाले. पुढच्या माघात जयवंतसाहेब वसईहून रिक्षा करून वाडीत आले आणि काठावर त्याच्या शेजारी बसले. आकाश रिकामे होते.

“काय प्लासिड, पाहिलंस ना?”

“पाहिलं, साहेब.”



त्यानंतरही दरवर्षी त्या सकाळी प्लासिड डोके पुसून काठावर बसत असे. २००६ साली तो गेला.

वाडी आहे, बावखल आहे. माघातल्या त्या सकाळी आल्बिना काठावर त्याची खुर्ची मांडते. विमान येत नाही.