दाजी आणि काकूंचा कोंबडा

दाजींचा, म्हणजे माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा, दिवस दुपारी चारला उजाडायचा. रात्रभर ते कारखान्यात बॉयलरला कोळसा घालत. सकाळी जरा डोळा लागला की शेजारच्या काकूंचा कोंबडा आरवायला लागे.

भांडत बसण्यापेक्षा दाजी पालिकेत गेले. झोप मोडून त्यांनी तिथली नियमांची जाडजूड पुस्तकं चाळली आणि हवं ते शोधलंच: खुराडं शेजाऱ्याच्या भिंतीपासून दहा फूट लांब हवं.

टेप मी धरली, खुराड्यापासून दाजींच्या न्हाणीच्या भिंतीपर्यंत ताणून. आठ फूट भरलं.

"काकू, हलवा आता खुराडं," दाजी म्हणाले.

"हलवते की. पण तुमची न्हाणी हद्दीपासून किती लांब हवी, तेही वाचलंत ना?"

ते वाचायचं राहिलं होतं. दाजी पुन्हा पालिकेत गेले आणि तोंड पाडून परतले. न्हाणीच तीन फूट पुढे आलेली होती. काकूंनी तक्रार केली असती, तर पालिकेनं ती पाडलीच असती.

"वाचा अजून," बहीण म्हणाली.

दाजींनी जादा पाळ्या केल्या. त्या पैशांत विटा आणि सिमेंट आलं, न्हाणीची भिंत मागे सरकली, आणि काकूंचं खुराडं जागचं न हलता नियमात बसलं.