शहाडवरचं स्वच्छ आकाश

आता माझा शहाणपणा कसा उघडा पडला ते ऐका. चहा थंड झाला तरी चालेल!

मी ठाण्यात हवामानाचा अंदाज देणाऱ्या एका कंपनीत आहे. उपग्रहावरचं इन्फ्रारेड यंत्र खालून येणारी उष्णता मोजतं, त्याची चित्रं मी वाचते. थंड ढग पांढरे, गरम जमीन काळी. अंधारातही ढग दिसतात! घरात माझा केवढा तोरा!

गेल्या थंडीत बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आई गेल्यापासून ते शहाडला एकटेच राहतात. डॉक्टरांनी फिरायला परवानगी दिली, तसे दुसऱ्याच सकाळी उल्हास नदीवर गेलेले. मी शिफ्टला, बिनखिडकीच्या एसी खोलीत. फोन वाजला.

"अगं, सगळं पांढरंच दिसतंय. नदी नाही, पूल नाही. धुकं आहे का गं?"

मी स्क्रीन बघितली. शहाडवर एक ठिपका नाही!

"छे! आकाश एकदम स्वच्छ आहे, बाबा. उपग्रह दाखवतोय ना!"

"म्हणजे... माझे डोळेच गेले?"

मी ओरडलेच. "हलू नका! डोळे चोळू नका! आहात तिथेच बसा!"

लगेच शहाडशेजारच्या कल्याणला, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन लावला. रडत रडत सगळं सांगितलं.

"मॅडम, मी बाल्कनीत उभा आहे," डॉक्टर म्हणाले. "मला समोरची बिल्डिंग दिसत नाहीये. माझंपण ऑपरेशन करायचं का?"

अरे देवा! धुकं जमिनीला चिकटलेलं, जवळजवळ तिच्याइतकंच गरम. नुसत्या उष्णतेच्या चित्रात ते जमिनीतच मिसळून जातं. ऑफिसात नव्या पोरांना हे शिकवतं कोण? मीच!

बाबांना फोन केला. आवाज शांत.

"बसलोय गं, इथे एका दगडावर. तुझ्या आईचा चेहरा आठवत होतो. म्हटलं, आता तेवढाच दिसणार. तेवढ्यात धुक्यातून एक म्हैस निघाली, थेट अंगावर! काय सांगू, इतकी देखणी म्हैस मी जन्मात बघितली नाही!"

मला हसू की रडू कळेना. त्या दगडावर बसून माझ्या बाबांनी अख्ख्या जगाचा निरोप घेतला होता. का? तर लेक म्हणाली म्हणून.

"बाबा, चुकलं माझं."

"असू दे गं. आता ऊन पडायला लागलंय, पूलपण दिसतोय," बाबा म्हणाले. "तुझ्या उपग्रहाला कळवून टाक. काळजीत असेल बिचारा!"